जंगलातला मऊ प्रकाश आणि पानगळीचे पहिले रंग : व्हाइट माउंटन्समध्ये फोटो काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशर राज्यात व्हाइट माउंटन्सची डोंगररांग आहे. बॉस्टन आणि न्यू जर्सीकडची बरीच मराठी कुटुंबं दर वर्षी पानांचे रंग पाहायला इकडे येतात. बहुतेकांचं येणं ऑक्टोबरात, रंग ऐन भरात असताना होतं. इथली उत्तरं त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच्या दिवसांसाठी आहेत. तेव्हा जंगल अजून हिरवं असतं, रंग नुकता कुठे कुठे उमटलेला असतो आणि रस्ते मोकळे असतात.

पहिले रंग नेमके कधी दिसतात?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंत. आपल्याकडे बहुतेक वर्षी पितृपक्ष चालू असतो, तेव्हाचे हे दिवस. पाणथळ जागी आणि तळ्याकाठी रंग सर्वांत आधी दिसतो, मग उंचावरच्या उतारांवर, आणि खालच्या खोऱ्यांत शेवटी.

उंचीचा फरक इथे फार कामाला येतो. कँकामॅगस हायवे, म्हणजे राज्याचा ११२ क्रमांकाचा रस्ता, लिंकन ते कॉनवे असा साधारण ५५ किलोमीटरचा आहे. त्याची खिंड सुमारे ८७० मीटरवर आहे आणि कॉनवे गाव दीडशे मीटरच्या आसपास. हवा हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होत जाते, त्यामुळे खिंडीत आणि गावात चार-पाच अंशांचा फरक पडतो. गावात रंगाचा मागमूस नसला तरी निराश होऊ नका, अर्ध्या तासाच्या चढणीवर वेगळा आठवडा सापडतो. उलट, खिंडीतली पानं झडून गेली असतील तर खाली उतरा.

सगळं जंगल रंगेपर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण तो वेगळा फोटो आहे. ऐन भरात सगळंच पिवळं-नारिंगी असतं आणि डोळा कुठे ठरत नाही. सुरुवातीच्या दिवसांत हिरवा हा मुख्य रंग असतो. त्या हिरव्यात एकच लाल डहाळी असली, की फोटोला आपोआप एक विषय मिळतो. लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात, म्हणून चार लाल पानंही पुरतात. आमच्या मते शिकणाऱ्यासाठी हेच दिवस चांगले. काय दाखवायचं हे ठरवावंच लागतं, नुसता रंग गोळा करून भागत नाही.

कोणती झाडं आधी रंगतात? ओळखायची कशी?

सर्वांत आधी हॉबलबुश. माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत उंचीचं झुडूप, तळहाताएवढी हृदयाकृती पानं. ऑगस्टच्या अखेरीलाच त्यावर जांभळट, वाइनसारखा गर्द लाल चढू लागतो. एकाच पानावर हिरवा, पिवळा आणि जांभळा असे तीन रंग शिरांच्या कडेकडेने उतरलेले दिसतात. जवळून फोटो काढायला यासारखं दुसरं पान नाही.

त्यानंतर रेड मेपल, विशेषतः दलदलीत उभे असलेले. सप्टेंबरच्या मध्याला तळ्याकाठी एखादंच झाड भडक लाल दिसलं तर बहुधा तेच. शुगर मेपल त्याच्या मागून नारिंगी होतो. दोघांत फरक करायचा तर पानाची कड बघा : रेड मेपलच्या पानाला करवतीसारखे बारीक दाते असतात, शुगर मेपलची कड गुळगुळीत असते. बर्च पिवळा होतो. बीच उशिरा तांबूस होतो आणि ओक सगळ्यांत शेवटी.

जमिनीलगतच्या नेच्यांकडेही बघा. नेचे सप्टेंबरातच फिकट पिवळे, काही तर जवळजवळ पांढरे पडतात. मळभ असताना काळपट खोडांखाली पसरलेले हे फिके नेचे म्हणजे जंगलातली सर्वांत उजळ वस्तू असते. लोक वर बघत चालतात आणि ते पायदळी जातात.

लाल रंग काही वर्षी जास्त आणि काही वर्षी कमी का?

पिवळा आणि नारिंगी देणारी कॅरोटिनॉइड्स पानात आधीपासून असतातच, हरितद्रव्य विरघळलं की ती उघडी पडतात. म्हणून पिवळा दर वर्षी हमखास येतो. लाल रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन हे लाल द्रव्य पान शरद ऋतूत नव्याने तयार करतं, आणि त्यासाठी पानात साखर लागते. दिवसा स्वच्छ ऊन असलं की साखर तयार होते. रात्री थंड, पण गोठणबिंदूच्या वर राहिल्या की ती पानातच अडकून राहते. सलग ढगाळ किंवा उबदार आठवडे गेले तर लाल फिका पडतो. उन्हाळा कोरडा गेला असेल तर पानांच्या कडा आधीच तपकिरी होतात आणि काही पानं रंगण्याआधीच गळतात. अशा वर्षी लांबून दिसणारा उतार सोडून ओढ्याकाठच्या झाडांकडे जावं, तिथे मुळांना ओल मिळालेली असते.

‘मऊ प्रकाश’ म्हणजे काय? उन्हात रंग जास्त खुलत नाहीत का?

डोळ्यांना खुलतात, कॅमेऱ्याला नाही. ऊन डोक्यावर असताना जंगलात कवडसे पडतात. कवडशातलं पान आणि शेजारची सावली यांच्या उजेडात इतका फरक असतो, की दोन्हींतला तपशील एका फोटोत राखणं अवघड होतं. कवडसा पांढरा फटफटीत होतो किंवा सावली काळी ठिक्कर पडते. दोन्ही कशीबशी सांभाळली तरी पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची जाळी उरते, आणि त्या जाळीत पानांचे आकार हरवतात.

मळभ आलं की सगळं आभाळच दिवा होतं. प्रकाश चहूबाजूंनी झिरपतो, सावल्यांच्या कडा विरतात, खोडाचा पोत, शेवाळ, पानांच्या शिरा एकाच फोटोत मावतात. रंगही गडद दिसतात, कारण पानावर उन्हाची पांढरी चमक नसते. जंगलासाठी हवामानाचा अंदाज उलटा वाचायचा : ‘पूर्ण ढगाळ, वारा कमी, हलका पाऊस’ हा सर्वांत चांगला दिवस. मात्र ढग फार दाट असतील तर दुपारी चारनंतर जंगलात रंग मंदावतात. अशा दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन ही वेळ धरा. स्वच्छ दिवशी ज्या वेळात कॅमेरा पिशवीत ठेवायचा, नेमकी तीच.

आलोय त्याच दिवशी लख्ख ऊन पडलं तर?

तीन वाटा आहेत.

पहिली, डोंगराची सावली. सप्टेंबरअखेरीला इथे सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो, पण दरीत आणि घळीत ऊन उतरायला आणखी बराच वेळ लागतो. तोवर आभाळाचा निळसर, सपाट प्रकाश मिळतो. मळभासारखाच मऊ, फक्त थोडा थंड. संध्याकाळी ऊन लवकर निघून जातं, तेव्हाही हेच.

दुसरी, पाण्यातलं प्रतिबिंब. ओढा सावलीत आणि समोरचा रंगलेला उतार उन्हात असेल, तर पाण्यावर सोनेरी आणि तांबूस पट्टे उतरतात, मधले दगड मात्र निळसर राहतात. ही स्थिती फार वेळ टिकत नाही. सूर्य पाण्यापर्यंत पोचला की संपली.

तिसरी, पाठीमागून येणारं ऊन. पानाच्या मागे सूर्य आणि त्यामागे सावलीतला गडद उतार अशी जागा शोधा. पान कंदिलासारखं पेटतं. सूर्य एखाद्या खोडाआड ठेवा, लेन्सवर हाताची सावली धरा, आणि एक्स्पोजर (फोटोला किती उजेड द्यायचा ते) पानावरून ठरवा, मागच्या अंधारावरून नाही.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. विषुवदिनाच्या आसपास मुंबईत दुपारचा सूर्य सुमारे ७१ अंश वर जातो, इथे ४६ अंशच. शिवाय तो तिरपा चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला मुंबईत साधारण २५ मिनिटं लागतात, इथे ३३. कोवळं ऊन इथे अंमळ जास्त रेंगाळतं.

मळभातल्या जंगलासाठी कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवायचं?

सुरुवात इथून करा : आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (शटर कॅमेरा स्वतः ठरवतो), रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर. झाडीखाली शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) साधारण १/८ ते १/४ सेकंदाच्या दरम्यान येईल. पोलरायझर, म्हणजे चकाका कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर, लावला की सुमारे दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), मग १/४ चं पाऊण सेकंदाच्या आसपास होतं. पूर्ण अंधारल्यासारखं असेल तर दोन-तीन सेकंदही लागतात. ट्रायपॉडला आमचा आग्रह त्याचसाठी.

ट्रायपॉड नसेल तर आयएसओ १६०० करा. चार स्टॉप मिळतात आणि १/४ चं १/६० होतं. हात स्थिर असेल आणि लेन्सची लांबी ५० मिलिमीटरच्या आत असेल तर चालतं. पोलरायझर मात्र तेव्हा काढावा लागेल किंवा आयएसओ ४०००–५००० पर्यंत न्यावा लागेल.

ट्रायपॉड असूनही फोटो हललेले येत असतील तर कारणं ठरलेली आहेत. पाचोळ्यावर नुसते टेकवलेले पाय हळूहळू खचतात, ते मातीत दाबून बसवा. लाकडी पायवाटेवर कुणी चाललं की फळ्या थरथरतात, ते लांब जाईपर्यंत थांबा. मधला दांडा वर काढू नका. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडत असेल तर काढून ठेवा. जुन्या लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करावं लागतं, नाहीतर तेच चित्र हलवतं.

वाऱ्याने पानं हलतात. काय करायचं?

पाऊण सेकंदात टोकाचं पान हललं की त्याचा धूसर फराटा होतो, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो कळत नाही. फोटो काढला की स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून पानाचं टोक बघायचंच.

वारा सहसा झुळकांनी येतो, मधे पाच-दहा सेकंद पडतो. रिमोट हातात धरून त्या पडत्या क्षणाची वाट बघा. सूर्य उगवण्याच्या सुमारास हवा सर्वांत शांत असते. वारा पडतच नसेल तर दोन फोटो काढा, कॅमेरा न हलवता : एक आयएसओ १०० वर, खोडं-दगड-पाण्यासाठी, आणि दुसरा आयएसओ ३२०० वर, पानांसाठी. १/४ चं शटर पाच स्टॉपने १/१२५ होतं आणि बहुतेक पानं थिजतात. पुढे दोन्ही एकत्र करता येतात. हे नको असेल तर वाऱ्याला आडोसा असलेल्या घळीत जा किंवा जमिनीवर पडलेली पानं घ्या, ती हलत नाहीत.

ढगाळ हवेत पोलरायझर कशाला?

आभाळ निळं करायला नव्हे, तर पानांवरचा चकाका काढायला. ओलं पान आरशासारखं काम करतं आणि पांढरं आभाळ परत फेकतं. तो पांढरा थर खालचा लाल-पिवळा झाकून टाकतो. पोलरायझर फिरवला की थर उतरतो आणि रंग वर येतो. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवून हे साधत नाही, कारण थराखालची माहिती कॅमेऱ्यात आलेलीच नसते. पाऊस पडून गेल्यावर फिल्टरशिवाय आणि फिल्टरसह असे दोन फोटो काढून बघा, फरक लगेच कळेल.

पण दर वेळी पूर्ण फिरवू नका. सगळी चमक गेली की ओलं जंगल कोरडं दिसतं, आणि शेवाळावरची थोडीशी चकाकीच ओल सांगत असते. पाण्यावर पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनातून पाहिलं तर पोलरायझरचा परिणाम सर्वांत जास्त असतो. तळातले दगड हवे असतील तर त्या कोनात या. प्रतिबिंबातला रंग हवा असेल तर पोलरायझर उलटा फिरवून प्रतिबिंब परत आणा, नाहीतर ज्याच्यासाठी थांबलात तेच पुसलं जाईल. कॅमेरा आडव्याचा उभा केला की पोलरायझरही पुन्हा जुळवावा लागतो, हे हमखास विसरलं जातं.

लाल पानं फोटोत सपाट लाल डागासारखी का दिसतात?

लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, जळलेला असतो : मर्यादेबाहेर उजळून त्यातला तपशील गेलेला असतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांची सरासरी दाखवतो आणि तो व्यवस्थित दिसतो, पण लाल एकटाच उजव्या भिंतीला जाऊन टेकलेला असतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा हिस्टोग्राम सुरू करा आणि लाल टेकत असेल तर एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी करा. शिरा पुन्हा दिसू लागतील. कॅमेऱ्याची ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ ही पिक्चर स्टाइलही बंद ठेवा. जेपीजी असेल तर ती लाल रंगाचा बट्ट्याबोळ करते, आणि रॉ असेल तरी हिस्टोग्राम त्या स्टाइलवरूनच बनतो, म्हणजे खोटी माहिती मिळते.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर चालेल?

व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या छटेनुसार रंग जुळवणं, रॉ काढत असाल तर नंतर बदलता येतो, तरीही ऑटो नको. फोटोभर पिवळा-नारिंगी असेल तर ऑटोला वाटतं प्रकाशच पिवळा आहे, आणि तो निळा मिसळून रंग मारून टाकतो. शिवाय दर फोटोला वेगळा आकडा लावतो. मळभात ५५०० ते ६००० केल्विन, डोंगराच्या सावलीत ६५०० ते ७५०० असा ठरवून टाका. दाट हिरव्या पानांखाली प्रकाशच हिरवट होतो, त्यामुळे खोडं आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. तिथे टिंट, म्हणजे हिरवा ते गुलाबट-जांभळा हा तोल, थोडा मजेंटाकडे (गुलाबट-जांभळ्याकडे) न्यावा. तपासायला बर्चचं पांढरं खोड बघा. ते किंचित उबदार पांढरं दिसलं की बरोबर, निळं किंवा हिरवं दिसलं की चूक.

समोर सुंदर दिसतं, पण फोटोत नुसता झाडोरा येतो. का?

डोळा नको ते गाळतो, कॅमेरा सगळं उचलतो. पहिल्यांदा आभाळ बाहेर काढा. मळभाचं आभाळ पांढरं असतं. फोटोच्या वरच्या कडेला त्याचा एक तुकडा जरी आला तरी नजर तिथे जाते. पानांमधल्या फटीतून दिसणारे पांढरे ठिपके त्याहून वाईट. कॅमेरा थोडा खाली झुकवा, किंवा समोर उतार येईल अशा जागी उभे राहा.

मग विषय एकच ठेवा. लाल डहाळी, तिच्यामागे गडद, दूरचं आणि साधं काहीतरी : हेमलॉक या सदाहरित झाडांची काळपट हिरवी भिंत, सावलीतला कातळ, पाणी. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकलं की मागचं खोड डहाळीच्या पाठून निघून जातं. ट्रायपॉड उघडण्याआधी हातात कॅमेरा घेऊन ही जागा शोधायची, उलट केलं तर माणूस ट्रायपॉडला बांधला जातो. खोडं एकमेकांना चिकटू देऊ नका, त्यांच्यात हवा दिसली पाहिजे. चारही कडा शेवटी एकदा फिरून बघा. अर्धवट घुसलेली फांदी तिथेच लपलेली असते.

पानं गोळा करून दगडावर मांडून ठेवायची सवय टाळावी. वाऱ्याने पडलेलं पान आणि मांडलेलं पान बघणाऱ्याला वेगळं कळतं, आणि फांदी तोडून आणणं तर अजिबात नको.

कोणती लेन्स न्यावी?

एकच न्यायची तर ७०–२०० मिलिमीटरची झूम. ती गर्दीतून तुकडा कापते आणि दूरचे थर जवळ आणते. वाइड लेन्सचा मोह होतो, पण जंगलात ती आभाळ आणि पसारा दोन्ही आणते. जमिनीलगत नेचे किंवा दगड अगदी जवळ ठेवायचे असतील तेव्हाच ती काढा. हॉबलबुशच्या एका पानासाठी मॅक्रो असेल तर उत्तम.

पुढचं पान आणि मागचं झाड दोन्ही स्पष्ट कसं ठेवायचं?

फुलफ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर, एफ ११ ला पावणेदोन मीटरवर फोकस करा. सुमारे ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. १०० मिलिमीटरला तोच हिशेब तीस मीटरवर जातो, म्हणजे पुढची पंधरा मीटर गेली. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फोटो जोडा, तेही वारा नसेल तरच. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळाच फोटो मवाळ होतो. दर वेळी सगळं स्पष्ट हवंच असंही नाही. एफ ४ ला मागचा हिरवा विरघळला तर लाल पान जास्त बोलतं.

ओढ्याच्या पाण्याला किती शटर?

१/४ ते १ सेकंद. पाण्याची वाट दिसते, तरी त्यात रेषा राहतात. चार-पाच सेकंद दिले की पाण्याचं दूध होतं, आणि धबधब्याचा पांढरा भाग जळतो. मळभ आणि पोलरायझर असताना वेगळा एनडी फिल्टर (फक्त उजेड कमी करणारा) सहसा लागत नाही. कोंडीत फिरणारी पानं असतील तर मात्र १० ते ३० सेकंद देऊन बघा, त्यांची वर्तुळं उमटतात. त्यासाठी एनडी लागेल.

धुक्यात आणि पावसात काय वेगळं करायचं?

धुकं कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतं. उजळ राखाडी बघून तो फोटो अंधारा करतो, म्हणून एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप वाढवा. ऑटोफोकसही भटकतो, खोडाच्या कडेवर फोकस करून मॅन्युअल करा. स्वच्छ, थंड रात्रीनंतर तळ्यांवर आणि नदीच्या सपाट भागांत धुकं जमतं, ऊन आलं की विरतं.

पावसात छत्री, लेन्सचं हूड आणि दोन-तीन सुती फडके पुरतात. प्रत्येक फोटोआधी काच बघा, एक थेंब अख्खी मालिका वाया घालवतो. थंडीतून आणलेला कॅमेरा गरम गाडीत उघडू नका, काचेवर वाफ धरते. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून आणा आणि अर्धा तास तसाच ठेवा.

फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल, आणि मळभात तर चांगलंच जमेल, कारण कवडशांपुढे मोबाइलची ताकद सर्वांत कमी पडते. मुख्य कॅमेराच वापरा. अल्ट्रावाइडचा सेन्सर लहान असतो आणि अंधाऱ्या जंगलात पानांचा लगदा करतो. लाल पानावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. नाइट मोड आपोआप सुरू झाला तर तो अनेक फोटो जोडतो, हलणाऱ्या पानांची त्यात दुहेरी भुतं उमटतात. वारा असेल तर तो बंद करा. रॉची सोय असेल तर घ्या. पोलरायझर लेन्ससमोर हाताने धरूनही चालतो.

एडिटिंग किती करायचं?

सॅच्युरेशनची पट्टी शक्यतो हलवूच नका. लाल आधीच काठावर असतो, ती वाढवली की पहिला तोच फुटतो. त्याऐवजी हिरव्याचं सॅच्युरेशन दहा-पंधरा टक्के कमी करा आणि त्याची छटा किंचित पिवळ्याकडे न्या. शेजारचा रंग शांत झाला की लाल स्वतःहून पुढे येतो. पिवळ्या बर्चला ओढून नारिंगी करू नका. बर्च नारिंगी होत नाही, आणि जाणकाराला ते लगेच खटकतं.

मळभातला फोटो सुरुवातीला सपाट वाटतो. कॉन्ट्रास्ट सगळीकडे न वाढवता विषयाभोवती थोडा उजेड द्या आणि कडा अर्धा स्टॉप उतरवा. सावल्या फार वर ओढल्या की जंगलाची खोली जाते. शेवटी व्हॉट्सअ‍ॅप किंवा वेबसाठी फाइल एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या कलर स्पेसमध्येच (रंगांच्या मोजमापात) काढा. दुसऱ्या कलर स्पेसमधली फाइल काही ठिकाणी मळकट दिसते.

जायचं कुठे?

कँकामॅगसवर स्विफ्ट नदी बराच वेळ रस्त्याच्या सोबतीला असते. रॉकी गॉर्ज आणि लोअर फॉल्स तिच्यावरच आहेत. सॅबडे फॉल्सची पायवाट छोटी आणि सोपी आहे, घळ अरुंद असल्यामुळे स्वच्छ दिवशीही मऊ प्रकाश बराच वेळ मिळतो. पलीकडे फ्रँकोनिया नॉच या खिंडीमध्ये ‘द बेसिन’ला कातळात कोरलेली कुंडं आहेत. बेअर नॉच रोडवर मेपल आणि बर्चची गच्च झाडी आहे.

कँकामॅगसवर पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलला रेंज जवळजवळ नसते. लिंकन किंवा कॉनवेला टाकी भरा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. काही थांब्यांवर वनविभागाचं दिवसाचं शुल्क भरावं लागतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा, त्या तीन दिवसांत गाडी लावायला जागा मिळत नाही. न्यू जर्सीहून गाडीने साडेपाच-सहा तास लागतात, तेव्हा मुक्काम करूनच पहाट गाठा.

कशापासून जपायचं?

पॉयझन आयव्हीपासून. तीन-तीन पानांचा हा वेल सप्टेंबरात सुंदर लाल होतो आणि फोटोसाठी बोलावतो. त्याच्या रसाने अंगावर फोड येतात. रस ट्रायपॉडच्या पायांवर आणि बुटांवर राहतो, नंतर हाताला लागतो. खालच्या उंचीवर, शेताच्या आणि वाटेच्या कडेला जास्त असतो. तीन पानांचा गुच्छ आणि मधल्या पानाचा देठ लांब दिसला तर हात लावू नका.

हरणांवरच्या गोचिडीतून लाइम रोग होतो. विजार मोज्यात खोचा, गवतात गुडघे टेकले असतील तर परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत तपासा. पहाटे आणि संध्याकाळी मूस हे भलंमोठं हरीण रस्त्यावर येतं. ते उंच आणि काळपट असतं, दिव्यांच्या झोतात उशिरा दिसतं, म्हणून गाडी सावकाश. सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्यबाणाने हरणांची शिकार सुरू होते, तेव्हा अंगात भडक नारिंगी जाकीट असू द्या. ओल्या कातळावरचं शेवाळ मात्र सगळ्यात जास्त माणसं पाडतं.

महाराष्ट्रात असे फोटो मिळतील का?

रंग मिळतो, पण ऋतू वेगळा. आपल्याकडे पानगळ थंडीला लागून नसते, ती कोरड्या हवेला लागून असते. साग, ऐन, बोंडारा, मोई ही झाडं हिवाळा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात आणि पिवळा, तांबडट, तपकिरी असे रंग देतात. लाल बघायचा तर झडणाऱ्या पानांपेक्षा नव्या पालवीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुमाला येणारी कोवळी पालवी मेपलइतकीच लाल असते, पिंपळाची आणि आंब्याची तांबूस. या लालीमागेही अँथोसायनिनच आहे.

अडचण प्रकाशाची. त्या महिन्यांत मळभ क्वचितच येतं, आणि सूर्य झरझर वर चढतो. म्हणून सूर्योदयाआधीच जागेवर उभं राहायचं, पूर्वेला डोंगर असलेली दरी निवडायची, आणि ऊन उतरलं की पालवी सूर्यासमोर धरून काढायची. कुसुमाची लाली थोडेच दिवस टिकते, पुढे ती हिरवी होत जाते. झाड एकदा हेरून ठेवलं की त्याच्याकडे दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारा.